मेल्या पाखरांची मोजणी

जनावरांच्या दवाखान्याचं कुलूप अजून निघायचं होतं, तोवर कंपाउंडरची बायको पायरीवर येऊन बसलेली. पुढ्यात पोतं. पोत्याच्या तोंडाला सुतळी.

"यात काय आणलंस?" कंपाउंडरनं विचारलं.

"माझ्या भावाचं नशीब," ती म्हणाली. "दार उघडा आधी. पहाटे फौजदारानं त्याला अंथरुणातून उचलला. चार वाजता कोर्टात उभा करणार आहेत."

डॉक्टर रजेवर. दवाखान्यात सुई तोच, सल्ला तोच आणि झाडूही तोच. कंपाउंडरनं पोतं टेबलावर ओतलं. चार बदकं. दोन मेलेली. दोन जिवंत, पण माना अशा लोंबलेल्या की ओल्या फडक्याला पीळ तरी असतो.

"तळ्यावर अशी तीनशेच्या वर पडलीत," बायको म्हणाली. "विष घातलं म्हणतात. होडीत फवारणीच्या औषधाचा डबा सापडला. आणि पाखरांसाठी जाळी बंद करा म्हणतात, त्यावरून गेल्या गावबैठकीत भांडताना हा शहाणा सगळ्यांसमोर बोलला होता, तुमची पाखरं मरतील तेव्हाच आमची चूल पेटेल म्हणून."

"घातलं असेल का गं त्यानं?"

हा प्रश्न नवऱ्यानं विचारायचा नसतो.

"तोंडाचा फाटका आहे तो. हाताचा नाही."

कंपाउंडरनं मेलेलं एक बदक फाडलं. पोटात दाणा नव्हता, एकही नाही. काळा चिखल आणि चिखलात पांढऱ्या अळ्या. चोचीला फेस नव्हता, नख्या आखडलेल्या नव्हत्या. मग जिवंतातलं एक हातात घेतलं. पाय गेलेले, मान गेलेली, डोळा मात्र स्वच्छ. पाखरू त्याच्याकडे बघत होतं. सगळं कळतंय आणि काही करता येत नाही, तसं.

तीस वर्षं त्यानं विष खाल्लेली गुरं, कुत्री, कोंबड्या पाहिल्या होत्या. विष खाल्लेलं जनावर तडफडतं, लाळ गाळतं, ताठतं. असं निवांत विझत नाही. हे त्यानं वेगळ्याच ठिकाणी पाहिलं होतं. एकदा एका कोंबड्यांच्या शेडमध्ये, मेलेली कोंबडी कोपऱ्यात कुजत राहिली होती तेव्हा.

बारीक नळी घेऊन त्यानं दोन्ही बदकांच्या घशात स्वच्छ पाणी सोडलं. ओल्या गोणपाटाच्या खोक्यात त्यांना ठेवलं, मानेखाली फडक्याची उशी करून.

"खोकं तू धर," तो म्हणाला. "सावलीत. दर अर्ध्या तासानं पाणी. आणि चल."

"कुठं?"

"आधी तुझ्या फाटक्याकडे."

चौकीबाहेर पन्नासेक माणसं उभी होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. आत मेव्हणा गजाआड उकिडवा बसलेला. टेबलावर निळा प्लॅस्टिकचा डबा. वरचं तोंड सपाट कापलेलं, दोरीची कडी बांधलेली.

"हा तुझा?" कंपाउंडरनं विचारलं.

"माझाच, दाजी. होडीत पाणी झिरपतं, ते उपसायला."

"तोंड कधी कापलंस?"

"झाली की तीन वर्षं."

"औषध कोणाचं होतं?"

"कुणाचं का असेना. मला भंगारात मिळाला."

"जाळ्यात मासे मेलेले येतायत?"

"मेलेले?" मेव्हण्यानं डोकं वर केलं. "मासे तर असे गर्दी करून बसलेत की हात घातला तरी येतात. पंधरा दिवस झाले. अशी बरकत कधी नव्हती. आणि बघा, बरकत आली आणि मी इथं आलो."

कंपाउंडर फौजदाराकडे वळला. "साहेब, पाण्यात विष असतं तर मासे आधी मेले असते."

"दाण्यात कालवलं असेल."

"पोटात दाणा नाही. मी फाडून बघितलं."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग नमुना तपासणीला जाईल. आठ दिवसांत कागद येईल." फौजदार वाईट माणूस नव्हता, रात्रभर जागा होता. "बाहेरची माणसं बघितलीत ना? हा आत आहे म्हणून धड आहे. चार वाजता मी त्याला कोर्टात उभा करणार."

"कोर्टात गेल्यावर?"

"मग माझ्या हातात काही नाही. आणि कोळ्यांच्या होड्याही तळ्याबाहेर जातील, सगळ्याच."

"दाजी," मेव्हणा गजातून म्हणाला, "ताईला सांगू नका मी रडलो म्हणून."

ताई दारातच उभी होती, खोकं छातीशी धरून.

तळ्यावर वारा नव्हता. ऊन असं की डोळे आपोआप बारीक व्हावेत, आणि वास असा की तोंडाला पदर लागावा. पाण्याच्या कडेकडेनं मेलेली बदकं पडली होती, लाटेनं आणून लावल्यासारखी ओळीत. थापट्या, चक्रांग, लांब तांबड्या पायांचे शेकाटे. जी पाखरं चिखल चाळून खातात ती सगळी. आणि खुंटांवर पाणकावळे पंख पसरून मजेत बसलेले. ते मासे खातात. त्यांना काही झालं नव्हतं.

"अहो, इकडे या." बायको लव्हाळ्यांपाशी वाकली होती. "हे बघा. टिबुकलीचं घरटं."

ओल्या काडीकचऱ्याची थाळीएवढी चकती, मध्ये तीन अंडी. चकती भेगाळल्या चिखलावर बसली होती. पाणी चाळीस पावलं लांब.

"टिबुकली जमिनीवर कधी घर करत नाही," बायको म्हणाली. "तिचं घर पाण्यावर तरंगतं, लव्हाळ्याला बांधलेलं. माझा बाप म्हणायचा, तिचं घर जमिनीला टेकलं की समजायचं कुणीतरी पाणी चोरलं."

"उन्हानं आटलं असेल."

"उन्हानं महिन्याला चार बोटं आटतं. हे हातभर उतरलंय, आणि इतक्यातच. अंडी अजून काळवंडली नाहीत."

बांधाच्या टोकाला तळ्याचं पाणी सोडायची मोरी होती. दगडी खाचांत एकावर एक फळ्या घातलेल्या, वर फळी उचलायचा लोखंडी रहाट. शेजारच्या खोलीतून मोरीवाला बाहेर आला, डोळ्यांवर हात धरून.

"या साहेब," तो कंपाउंडरच्या बायकोला म्हणाला.

"मी साहेब कधी झाले?" ती म्हणाली.

"अरे, वहिनी होय. ऊन फार आहे."

"पाणी सोडलंय का?" कंपाउंडरनं विचारलं.

"मी? फळीला हात लावायचा तर वरच्या ऑफिसचा कागद लागतो. पाणी साडेसहा फुटांवर आहे. महिनाभर तिथंच आहे. ही वही. रोजचं लिहिलंय."

"पट्टी तुम्ही स्वतः वाचता?"

"मग कोण वाचणार?"

पट्टी म्हणजे मोरीपाशी पाण्यात उभा केलेला, आकडे रंगवलेला खांब. कंपाउंडरनं विजार गुडघ्यावर घेतली आणि आत उतरला. पाणी पाचच्या आकड्याला लागत होतं. साडेसहाचा आकडा त्याच्या कमरेशी कोरडाठाक होता.

"बांबू द्या," बायको म्हणाली. ती कोळ्याची लेक. बांबूनं तिनं मोरीच्या खाचेतल्या फळ्या चाचपल्या. "फळ्या किती असतात हो?"

"नऊ," मोरीवाला म्हणाला.

"सातच आहेत."

मोरीवाला खाली बसला. "माझी नोकरी," तो म्हणाला, "दोन वर्षं राहिली होती."

"तुम्हाला पट्टी दिसत नाही," कंपाउंडर हळू आवाजात म्हणाला. "वाचून कोण सांगतं?"

"कुणीही. येणारा जाणारा." त्यानं वही उराशी ओढली. कुणाला तरी पाठीशी घालत होता, आणि ज्याला घालत होता त्याच्याविषयी त्याला माया होती.

पलीकडच्या काठाला मातीचे सहा ट्रक उभे होते. प्लॉटवाल्याचे. तळं पाखरांसाठी राखीव झालं नाही तर भराव टाकायला परवापासून मोकळा.

"त्या मेल्याचंच काम," बायको म्हणाली. "तळं आटवायचं, पाखरं मारायची, आणि वर माझ्या भावाच्या गळ्यात बांधायचं."

कंपाउंडरलाही तेच हवं होतं. असा सोपा चोर मिळाला तर कुणाला नको? पण तो मोरीकडे बघत राहिला.

"तळं आटवायचं असतं तर नऊच्या नऊ काढल्या असत्या," तो म्हणाला. "दोनच का काढल्या? ज्यानं काढल्या त्याला तळं कोरडं नको होतं. त्याला काहीतरी मोजूनमापून हवं होतं."

बारा वाजून गेले होते.

लव्हाळ्यात मास्तरांची झोपडी होती. बाजूच्या फटीतून पाखरं बघायची, वहीत लिहायची. शाळेतून सुटल्यावर एकोणीस वर्षं मास्तर इथंच. कंपाउंडर सातवीत त्यांच्याच हाताखाली दोनदा नापास झाला होता, आणि दोन्ही वेळा मास्तरांनी त्याला पाखरं ओळखायला शिकवलं होतं. गणित राहिलं ते राहिलंच.

मास्तर दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. दाढी वाढलेली. वळले नाहीत.

"मास्तर, माझ्या मेव्हण्याला नेतायत."

"ऐकलं."

"त्यानं केलं असं वाटतं तुम्हाला?"

"नाही. मी फौजदारांना सांगणार आहे तसं."

"कधी?"

"मोजणीची समिती येऊन गेली की."

"परवा?"

"परवा." मास्तर अजूनही वळले नव्हते. "पाच हजार लागतात रे. मोजणीत पाच हजार पाखरं भरली तर तळं राखीव. एक जरी कमी पडलं तर ते ट्रक आत येतात. गेल्या वर्षी चार हजारांच्या आसपास अडकलो. हात जोडले, पाया पडलो, एक वर्ष मागून घेतलं."

"यंदा भरली?"

मास्तरांनी खिळ्याकडे बोट केलं. खिळ्याला तीन रविवारचे तीन तक्ते. सुंदर अक्षर. वर तारीख, वेळ, पाण्याची पट्टी. खाली पाखरांची नावं आणि आकडे. कंपाउंडर बोट फिरवत वाचत गेला.

पहिला रविवार. पट्टी साडेसहा. चिखल्या पस्तीस. एकूण चार हजार एकशे ऐंशी.

दुसरा रविवार. पट्टी साडेसहा. चिखल्या चारशे दहा. एकूण चार हजार पाचशे पंचावन्न.

तिसरा रविवार. पट्टी साडेसहा. चिखल्या नऊशे साठ. एकूण पाच हजार एकशे बारा.

त्यानं तिन्ही तक्ते परत वाचले. मग बाहेर जाऊन लव्हाळ्यात जरा वेळ उभा राहिला. बायकोनं विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही, पाणी दे.

मग त्यानं चौकीला फोन लावला.

"साहेब, कोर्टाची जीप तळ्यावरून न्या. मेव्हण्याला घेऊन या. मी चुकलो तर इथूनच पुढं जा, रस्ता तोच आहे."

तीनला जीप आली. झोपडीत सहा माणसं मावत नव्हती, तरी मावली. फौजदार, बेडीतला मेव्हणा, मोरीवाला, कंपाउंडर, बायको, आणि बाकावर मास्तर.

"बोला," फौजदार म्हणाला. "माझ्याकडे पाऊण तास आहे."

कंपाउंडरनं बायकोच्या हातातलं खोकं उघडलं. दोनातल्या एका बदकानं मान वर धरली होती. डगमगत होती, पण वर होती. दुसरं तसंच पडलेलं, पण श्वास चालू होता.

"सकाळी ह्याची मान जमिनीला होती. मी औषध दिलं नाही, नुसतं पाणी पाजलं. हे विष कुणी डब्यातून ओतलेलं नाही, साहेब. हे चिखलात तयार होतं. पाणी झपाट्यानं उतरलं, वर कडक ऊन, की पाण्याखालचं सगळं उघडं पडून कुजतं. त्यातून एखादं पाखरू मरतं. त्याला अळ्या पडतात. त्या अळ्या दुसरं पाखरू खातं, की त्याची मान पडते. मग तिसरं. कोंबड्यांत मी हे बघितलंय. म्हणून मासे खाणारे पाणकावळे जिवंत आहेत आणि चिखल चाळणारी बदकं मेलीत. म्हणून जाळ्यात मासे दाटलेत, कारण तळंच आकसलंय."

"पाणी कुणी उतरवलं?"

"मोरीतल्या दोन फळ्या काढल्यात. हातभर पाणी गेलं. वहीत मात्र पट्टी साडेसहाच."

फौजदारानं मोरीवाल्याकडे पाहिलं.

"त्याला दिसत नाही, साहेब. सकाळी माझ्या बायकोला साहेब म्हणाला. त्याला जे वाचून सांगतात ते तो लिहितो. आता हे बघा." कंपाउंडरनं तक्ते काढून फौजदाराच्या हातात दिले. "चिखल्या म्हणजे मुठीएवढं पाखरू. पोहत नाही. उघड्या ओल्या चिखलावर पळतं आणि किडे टिपतं. साडेसहा फूट पाणी असलं की ह्या तळ्याला चिखलाचा काठच राहत नाही, लव्हाळ्यापर्यंत पाणी लागतं. म्हणून पहिल्या रविवारी पस्तीस. मग तिसऱ्या रविवारी नऊशे साठ चिखल्या कुठं उभ्या होत्या? पाण्यावर?"

त्यानं तिसऱ्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"ज्यानं हा तक्ता लिहिला, त्यानं समोर चाळीस पावलं चिखल बघितला होता. त्यावर पळणारी नऊशे साठ पाखरं एकेक करून मोजली होती. आणि त्याच कागदावर वर साडेसहा लिहिलं. पाण्याचं खोटं लिहिलं. पाखरांचं खोटं लिहायला हात धजला नाही."

मास्तरांनी दुर्बीण गळ्यातून काढून बाकावर ठेवली.

"फळ्या झोपडीच्या मागं आहेत," ते म्हणाले. "लव्हाळ्याखाली."

"मास्तर," मोरीवाला म्हणाला, "मी काही सांगितलं नव्हतं हो."

"माहीत आहे रे."

फौजदारानं टोपी काढली. "का केलंत हे? पाच हजार हवे होते तर नुसते लिहायचे होते. कोण मोजायला येणार होतं?"

"सगळे तेच म्हणाले," मास्तर म्हणाले. "एकोणीस वर्षं मी एक पाखरू वाढवून लिहिलं नाही. ते मला जमेना. मला वाटलं, खरीच आणू. हातभर पाणी कमी केलं की चिखल उघडतो, वरून जाणाऱ्या चिखल्या उतरतात. मोजणी झाली की फळ्या परत घालणार होतो. आणि त्या आल्या. काय आल्या, कंपाउंडर, अख्खा काठ हलत होता." त्यांनी फटीतून बाहेर बघितलं. "बुधवारी पहिली दोन बदकं मेली. मी पुरली. गुरुवारी अकरा. तीही पुरली. तेव्हा फळ्या घातल्या असत्या तर चिखल बुडला असता, आणि परवा समितीला चिखल्या दिसल्या नसत्या. म्हटलं, चार दिवस. फक्त चार दिवस."

"आणि हा?" बायको म्हणाली. "माझा भाऊ कितव्या दिवशी पुरणार होता, मास्तर?"

मास्तरांनी हात जोडले, पण ते वर उचलवेनात.

"मी ह्याला सोडवणारच होतो. परवा."

"तुमचे दोन दिवस," कंपाउंडर म्हणाला. "त्याच्या कोठडीबाहेर पन्नास माणसं उभी होती."

फौजदारानं बेडीची किल्ली काढली. मेव्हण्यानं मनगट चोळलं. सगळ्यांना वाटलं आता हा मास्तरांच्या अंगावर जाणार. त्याच्या जिभेचा कुणालाच भरवसा नव्हता. त्यानं मास्तरांकडे पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं.

"दाजी, फळ्या आत्ता घालायच्या ना?"

"आत्ता. आणि मेलेलं एकेक पाखरू उचलायचं, नाहीतर त्यातल्या अळ्या दुसरी पाखरं खातील. वरच्या कालव्यातून पाणी घ्यावं लागेल."

"घेतो." तो झोपडीमागं गेला. तोंडातल्या तोंडात शिव्या देत होता, पण फळी त्यानंच खांद्यावर घेतली. चौकीबाहेरची माणसं जीपच्या मागं मागं आली होती. त्यातले काही बघत राहिले, काही विजारी वर करून चिखलात उतरले.

संध्याकाळपर्यंत बांधावर ढीग झाला.

"पंचनाम्याला जातवार आकडा लागेल," फौजदार म्हणाला. "इथं कुणाला ओळखू येतात ही?"

सगळ्यांनी एकाच माणसाकडे बघितलं.

मास्तर ढिगाशेजारी मांडी घालून बसले. एकेक पाखरू उचलायचं, पंख सारखे करायचे, मान सरळ करायची, नाव सांगायचं, बाजूला ठेवायचं. कंपाउंडर रेघा मारत होता. थापट्या, नर. थापट्या, मादी. चक्रांग. शेकाट्या. आवाज शाळेतलाच, सावकाश, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. चिखल्याही निघाल्या, बावीस. त्या त्यांनी ओंजळीत घेतल्या आणि एकदम सांगितल्या नाहीत. एकेकच सांगितल्या.

तीनशे एकेचाळीस.

मास्तरांनी तिसऱ्या रविवारचा तक्ता मागितला. खालची बेरीज खोडली. कागद गुडघ्यावर ठेवून वजाबाकी मांडली, हातचे घेतले. चार हजार सातशे एकाहत्तर.

फौजदार खांद्यावरून बघत होता. पलीकडच्या काठावर ट्रक उभेच होते.

"मास्तर," तो खाली वाकून म्हणाला, "रविवारी तर ही जिवंतच होती. त्या दिवसाचा आकडा खरा आहे. आजचं कशाला लिहिता? मी पंचनामा समितीला दाखवणार नाही. कुणी विचारणार नाही."

"आज किती आहेत, असं विचारलं तर?" मास्तर म्हणाले.

"कोण विचारतंय?"

मास्तरांनी पेन परत कागदावर टेकवलं. वर साडेसहा खोडून पाच केलं. आजची तारीख घातली आणि सही केली. मग कागद कंपाउंडरच्या हातात दिला.

"समितीला तू दे. काय झालं ते पहिल्यापासून सांग. मी केलं हेही सांग. कोळ्यांनी केलं नाही, हे आधी सांग."

"ते ट्रक येतील, मास्तर."

"तू सांग तरी. पाया पडायची वेळ आली तर पड. मी पडलो होतो, एक वर्ष मिळालं होतं."

बायको खोकं घेऊन बांधाखाली बसली होती, आणखी सात पाखरं तिच्या पुढ्यात, एकेकाची मान हाताच्या बेचक्यात धरून. तिनं वर बघितलं नाही. पण मास्तर उठताना डगमगले तेव्हा म्हणाली, "अहो, धरा त्यांना."

जीपपर्यंत चिखलातूनच जायचं होतं. कंपाउंडरनं मास्तरांचा हात धरला. फौजदार मागं चालला, बेडी खिशात ठेवून. मास्तर वाटेत तीनदा थांबले. मागं वळून बघायला नाही. चिखल्या उघड्यावर अंडी घालतात, ती मातीच्या रंगाची असतात, कुणाला दिसत नाहीत. मास्तर खाली वाकून बघायचे, बोटानं दाखवायचे, आणि तिघंही तेवढी जागा सोडून बाजूनं जायचे.